पेटीतले कागद कुणाचे?



मराठीच्या मंचावर उर्दू-फारसीचा विषय कशाला, असं मला सकाळी विचारलं गेलं. उत्तर सर्वांसमक्ष देतो. या मांडवात बसलेल्या कितीजणांच्या घरी मुंतखब, म्हणजे इनाम कायम केल्याचा सरकारी कागद, पेटीच्या तळाशी पडून आहे? वाचता किती जणांना येतो? १८८४ पासून १९४८ पर्यंत, चौसष्ट वर्षं, निजामाच्या अमलात बीडचा सरकारी कारभार उर्दूत चालला. आजोबांची सही ज्या कागदावर आहे तो कागद परका, असं म्हणायला जीभ धजते कशी?

परकेपणाच्या या बोलण्याला उत्तर म्हणून मी आज निजामाच्या पदरी असलेल्या नवाब समसामुद्दौला शाहनवाज खानाविषयी बोलायला उभा आहे. त्याचा जन्म लाहोरचा, म्हणून तो बाहेरचा, असं म्हणणारे आहेत. अहो, तो औरंगाबादेत राहिला, वऱ्हाडची दिवाणी त्याने सांभाळली. बापाविरुद्ध उठलेल्या नासिरजंगाची बाजू घेतली म्हणून निजामाची मर्जी गेली, तेव्हा औरंगाबादेतल्या घरात बसून त्याने ‘मआसिर-उल-उमरा’ लिहायला घेतला. मोगल दरबारातल्या सातशेहून अधिक सरदारांची चरित्रं! त्यात सिंदखेडचे जाधवराव आहेत. साताऱ्याचे शाहू महाराज आहेत. १२ मे १७५८ ला कैदेत असताना त्याचा खून झाला. घर त्याआधीच लुटलं गेलं होतं, हस्तलिखित गायब झालं होतं. ते शोधून काढलं त्याच्या मित्राने, गुलाम अली आझाद बिलग्रामीने. विस्कटलेल्या पानांमागे तो माणूस चिकाटीने फिरत राहिला, हाती आली तशी ती लावली. उरलेलं काम मुलाने, अब्दुल हय्यने, १७८० मध्ये पुरं केलं. बापाचं पुस्तक पुरं करणारा मुलगा! आपण आजोबांचा एक कागद वाचून घेत नाही.

ग्रंथ फारसीत आहे, कबूल. पण उर्दूचा धागा त्याच घोळक्यातून निघतो. आझादचा शिष्य लछमीनारायण शफीक, औरंगाबादचा खत्री. सोळा-सतरा वर्षांच्या या पोराने उर्दू कवींची चरित्रं सांगणारा ‘चमनिस्तान-ए-शुअरा’ लिहिला. पुढे मराठ्यांचा इतिहासही लिहिला. हिंदू मुलगा, मुसलमान गुरू, विषय उर्दू कविता आणि मराठे. यातलं नेमकं काय तुम्ही परकं म्हणून बाहेर काढणार?

आपल्याच निलंग्याचे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी फारसी शिकले, म्हणून मोगलांच्या कागदांतले मराठे आपल्याला मराठीत वाचता आले. त्यांच्यानंतर किती जण उभे राहिले? मराठवाड्यात इतिहासाच्या पदव्या घेणारे पुष्कळ आहेत. मूळ कागद समोर ठेवला की गप्प बसतात. ही लाज मुसलमानांची नाही, हिंदूंची नाही, आपली सगळ्यांची आहे.

ठराव वगैरे मला नकोत. बीडमध्ये मोडी आणि उर्दू एकाच वर्गात, एकाच फळ्यावर शिकवा. शिकवणारा मौलवी असो, निवृत्त कारकून असो, त्याला मानधन द्या. वही मी आणली आहे. पहिलं नाव माझं लिहिलंय; पेटी घरी असलेल्यांनी खाली उतरून आपलं लिहावं.