गोष्टीतला क्रांतिकारक आणि मुळशीचा सेनापती

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मागच्या काही भागांनंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला. सिनेमातला किंवा कादंबरीतला क्रांतिकारक बघून आपण शिट्ट्या मारतो, त्याचे संवाद पाठ करतो, त्याचा फोटो डीपीला ठेवतो. पण हा माणूस कधी जन्मलाच नाही. मग त्याला हीरो मानायचं का? काहींचं म्हणणं असं की खरे क्रांतिकारक एवढे पडलेत, तर लेखकाच्या डोक्यातून निघालेल्याची आरती कशाला?

आज यावर बोलू. आणि सुरुवात मुळशीपासून करू, कारण या एका तालुक्यात खरा माणूसही सापडतो आणि पडद्यावरचाही.

आधी खरा. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत ताम्हिणीकडे निघालात की मुळशीचा जलाशय लागतो. पावसाळ्यात आपण तिथे भाजलेलं कणीस खात सेल्फी काढतो. त्या पाण्याखाली गावं आहेत. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर धरण बांधायला घेतलं, आणि भाताची खाचरं जाणार म्हणून मावळातला शेतकरी उठला. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. त्या दिवशी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लढ्यांमध्ये त्याचं नाव घेतलं जातं.

त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट. जन्म पारनेरचा, १८८० चा. शिष्यवृत्ती घेऊन शिकायला एडिंबरोला गेले आणि पॅरिसमधून बॉम्ब बनवायची कृती शिकून परत आले. काही वर्षं भूमिगत राहिले. मुळशीत आले तेव्हा मार्ग सत्याग्रहाचा होता. लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं ते इथे. वारंवार तुरुंगवास झाला. लढा मोडत चालला, तसं १९२४ मध्ये त्यांनी मोजक्या साथीदारांसह शस्त्रं घेऊन धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली. त्याबद्दल सात वर्षांची शिक्षा झाली. सुटले १९३१ मध्ये. तोपर्यंत धरण बांधून झालं होतं आणि वीज मुंबईला जात होती.

म्हणजे सेनापती हरले. हे स्पष्ट बोललं पाहिजे, कारण गोष्टीतला क्रांतिकारक असा हरत नाही. तो मेला तरी शेवटच्या दृश्यात जिंकतो. पार्श्वसंगीत वाजतं, गर्दी उठते.

आणखी एक गोष्ट बघा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा बारकाईने अभ्यास करून पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं की चित्र सरळ नव्हतं. बरीच जमीन सावकारांच्या नावावर होती, कसणारं कूळ वेगळं होतं. मोबदल्याचा प्रश्न आला की सावकाराचं हित आणि कुळाचं हित एक राहीना. पुढारी बहुतेक पुण्याचे, जमीन मावळ्यांची. आणि रेल्वे अडवली त्या दिवशी धरणावर राबणारे हात कुणाचे होते? तेही पोटासाठी आलेल्या मजुरांचेच ना!

हे सगळं सांगून सेनापतींना लहान करायचं नाहीये. माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर याने वाढतो. पण खऱ्या माणसाचा आदर करायचा तर एवढं सगळं पदरात घ्यावं लागतं. म्हणून आपण काय केलं? पुण्यात आणि मुंबईत एकेका रस्त्याला त्यांचं नाव दिलं. आता ‘सेनापती बापट रोडला अडकलोय’ एवढ्यापुरता त्यांचा उल्लेख होतो.

आता पडद्यावरचा. २०१८ मध्ये प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ आला. बापाची जमीन विकली गेलेली, पोरगा गुन्हेगारीत शिरतो. हा राहुल्या क्रांतिकारक नाही, सिनेमाही तसा दावा करत नाही. सिनेमा सांगतो की जमीन गेली की पोरांचं काय होतं. पण आपल्याकडच्या किती पोरांनी त्यातून जमीन उचलली आणि किती जणांनी नुसती राहुल्याची चाल उचलली? लग्नाच्या वरातीत गाणं वाजतं तेव्हा बघा. बंडखोराचा रुबाब घेतला जातो, त्याचं दुखणं थिएटरातच राहतं.

तर मग गोष्टीतले हीरो नकोतच का? इथे मी थांबतो. कारण माझ्यासमोर फकिरा उभा राहतो.

अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. अण्णाभाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. फकिरा नावाचा माणूस अण्णाभाऊंच्या नात्यातला, प्रत्यक्ष होऊन गेलेला. पण सरकारी कागदांत अशा माणसाची जागा कुठली? गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या जातीतला एक दरोडेखोर, एवढीच. मांगवाड्यातल्या माणसांना रोज हजेरी द्यायला लावणाऱ्या सरकारकडून त्याचं चरित्र लिहिलं जाणार होतं का? त्याच्या नावाचा रस्ता होणार होता का? त्याला माणूस म्हणून उभं करायला कादंबरीच लागली.

माझ्या मते प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. खऱ्यांचाच आदर करा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, खऱ्यांपैकी कोणाची नोंद झाली? मुळशीतही सेनापतींचं नाव आपल्याला माहीत आहे. त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेल्या मावळ्यांपैकी एकाचं तरी नाव चटकन सांगता येईल का? ज्यांची नोंदच नाही त्यांचं स्मारक बऱ्याचदा गोष्टीतच असतं.

उरलेलं अर्धं उत्तर फकिराच्या वागण्यात आहे. दुष्काळात माणसं मरायला लागतात तेव्हा तो धान्य लुटतो, सरकारी खजिना लुटतो. इथपर्यंत शिट्टी वाजवायला कुणीही तयार. पण मग सरकार त्याच्या माणसांना धरतं आणि फकिरा स्वतःहून हजर होतो. आपण केलं त्याची किंमत दुसऱ्यांनी भरू नये म्हणून. अण्णाभाऊंनी त्याला सोपं सोडलेलं नाही.

याच्या शेजारी ‘निशांत’ ठेवा. १९७५ चा श्याम बेनेगलांचा सिनेमा, पटकथा विजय तेंडुलकरांची. जमीनदार मास्तरच्या बायकोला पळवून नेतात. मास्तर सगळे दरवाजे ठोठावतो, शेवटी गाव पेटतं. आपल्याला वाटतं, आता न्याय होणार. पण त्या जमावाच्या हातून निरपराध रुक्मिणीही मरते. मास्तरने पेटवलेलं मास्तरलाच विझवता येत नाही. बघून उठताना टाळी वाजत नाही. तेंडुलकरांनी गावाचा राग खरा ठेवला आणि त्याचा हिशेबही दाखवला.

बहुतेक लोकप्रिय गोष्टी हाच हिशेब लपवतात. लेखक आधीच ठरवून देतो की खलनायक शंभर टक्के नालायक आहे आणि गोळी फक्त त्यालाच लागेल. हीरोला शंका येत नाही, कुणाला विचारावं लागत नाही, दुसऱ्या दिवशी उठून गाव चालवावं लागत नाही. अशा हीरोवर प्रेम करायला माझी हरकत नाही, दोन तास मजा घ्या. पण त्याच्याकडून परवानगी घेऊ नका.

प्रेक्षक मात्र वाटतो तेवढा भोळाही नसतो. ‘रंग दे बसंती’ २००६ च्या जानेवारीत आला. त्यातली पोरं मंत्र्याला गोळ्या घालतात. त्याच सिनेमात इंडिया गेटवर मेणबत्त्या घेऊन बसलेल्या लोकांवर लाठ्या पडतात, म्हणजे कथेपुरता तो मार्ग फसतो. पुढच्याच महिन्यात जेसिका लाल खटल्यात आरोपी सुटले तेव्हा लोकांनी उचललं काय? मेणबत्ती. खरोखर इंडिया गेटवर जमले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये मुख्य आरोपी दोषी ठरला. लोकांनी सिनेमातला राग घेतला आणि बंदूक तिथेच ठेवली.

म्हणून मला विचाराल तर गोष्टीतल्या क्रांतिकारकाला जरूर मान द्या. फक्त आधी बघा की त्याच्या बंडाची किंमत कोण भरतो. तो स्वतः भरत असेल तर तो फकिराच्या रांगेतला. दुसरेच कुणीतरी मरत असतील आणि कॅमेरा त्यांच्याकडे वळतच नसेल, तर तो नुसता देखणा आहे.

आणि हाच प्रश्न खऱ्यांनाही विचारायला घाबरू नका. सेनापतींना विचारलात तर ते सात वर्षं तुरुंगात काढून उत्तर देतात. पाण्याखाली गेलेल्या गावांनी मात्र त्यांच्याहून जास्त भरलं, आणि ती भरपाई अजून कुणी केलेली नाही.

तुमच्या मनातला गोष्टीतला क्रांतिकारक कोण, आणि त्याची किंमत कोण भरतं, नक्की कळवा. ‘फकिरा’ वाचली नसेल तर वाचा, छोटीशी आहे. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.