सर, मध आणता का?

मी हिवरखेडचा. आमच्याकडे एवढ्यावर भागत नाही, लगेच पुढचा प्रश्न येतो, कोणतं हिवरखेड? एक अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात आहे. दुसरं अकोला जिल्ह्यात, तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी या दुसऱ्याचा. पुण्यात मात्र हा खुलासा करायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. तिथं दोन्ही हिवरखेडं एकाच ठिकाणी असतात, नागपूरजवळ.

नोकरीच्या सुरुवातीला एका प्रशिक्षणासाठी मी पुण्याला गेलो होतो. दुपारी डबा उघडला, कुणीतरी हाक मारली, मी म्हटलं, “थांबा, जेवून राह्यलो.” शेजारच्या शिक्षकानं मोठ्या मायेनं विचारलं, “तुमच्या घरी हिंदी बोलतात का हो?” मी नाही म्हटल्यावर म्हणाला, “मग ठीक आहे. मराठी तशी बरी बोलता तुम्ही.” माणूस वाईट नव्हता. त्यानं आपल्या डब्यातली पुरणपोळीही दिली. आणि मला उत्तर सुचलं ते परतीच्या गाडीत, शेगाव मागे पडल्यावर! म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ते तेराव्या शतकात, ऋद्धपूरला. ऋद्धपूर म्हणजे त्या दुसऱ्या हिवरखेडच्या तालुक्यातलं गाव. मराठी गद्य जिथं उभं राहिलं, तिथल्या माणसाला मराठी बरी येते म्हणे.

आमच्या बोलीत हिंदी मिसळली आहे, हे मी नाकारत नाही. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं होतं, मुंबई राज्यात आलं १९५६ मध्ये. तोवर मोठं हापिस, मोठं कॉलेज, सगळं नागपूरला. कानावर हिंदी पडणारच.

ही गोष्ट मी पुढं वीस वर्षं रंगवून सांगितली. स्टाफरूममध्ये हमखास हशा यायचा. मग आमच्या शाळेत मेळघाटातल्या धारणी तालुक्यातले एक सर बदलून आले. गणित शिकवायचे. जमातीनं कोरकू.

आता मी काय केलं ते सांगतो. पहिल्याच आठवड्यात त्यांना म्हणालो, “सर, आता गावी गेले की मध आणता का? अस्सल पाहिजे.” दुसऱ्या एकानं साप चावल्यावरची मुळी विचारली. मेळघाट म्हटल्यावर कुपोषणाच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या, म्हणून एक बाई फार हळू आवाजात विचारायच्या, “घरी सगळे बरे आहेत ना?” गॅदरिंग आलं तेव्हा तर कोणी विचारलंही नाही. कार्यक्रमपत्रिकेत सरळ लिहून टाकलं, कोरकू नृत्य, आणि पुढं सरांचं नाव. सर म्हणाले, “भाऊ, मी पाचवीपासून परतवाड्याच्या होस्टेलात वाढलो. मले फक्त क्रिकेट येते.” सगळे हसले. तेही हसले. त्यांचं हसणं आमच्यापेक्षा आधी थांबलं, हे मला दिसलं होतं.

आमचे हे अंदाज आले कुठून? मी यावर पुष्कळ विचार केला. आमच्या लहानपणी मीटरगेजची गाडी होती, खंडव्याहून सातपुडा उतरून यायची. वान रोड, धूळघाट इकडून सुगीच्या दिवसांत कोरकू कुटुंबं हिवरखेडच्या स्टेशनावर उतरायची. डोक्यावर गाठोडं, कडेवर पोर. कापूस वेचायला, हरभरा सोंगायला. ती शेतात दिसली, बाजारात दिसली, आमच्या वर्गात कधी दिसली नाहीत. मग आमच्या पन्नाशीत एक कोरकू माणूस हातात खडू घेऊन समोर आला तेव्हा आम्हाला त्याच्या हातात मधाचं पोळंच दिसायचं.

एकदा मी त्यांना म्हणालो, “कोरकू म्हणजे हिंदीचीच बोली ना?” पुण्याच्या त्या शिक्षकासारखाच माझा आवाज होता, तेवढाच मायेचा. सरांनी फळ्यावर दोन आकडे लिहिले, सहा आणि दहा. म्हणाले, “आमच्यात सहाला तुरूई म्हणतात, दहाला गेल. झारखंडातल्या संथाल माणसाला विचारा, तोही हेच म्हणेल. यात हिंदी कुठे आहे?” कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. संथाली, मुंडारी, हो या तिच्या बहिणी सगळ्या पूर्वेला, आणि ही एकटी आमच्या उशाशी सातपुड्यात. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सव्वासात लाखांच्या घरात होते. कोरो म्हणजे माणूस, कू लावलं की अनेकवचन. ज्या शब्दानं आम्ही त्यांना वेगळं काढत होतो, त्याचा अर्थ नुसता ‘माणसं’ असा होतो. संथाली २००३ च्या घटनादुरुस्तीनं आठव्या अनुसूचीत गेली. कोरकू गेलेली नाही.

आमच्याच गावात माझा एक मुसलमान मित्र आहे, शेतकरी. वऱ्हाडी म्हणी त्याच्याइतक्या मला येत नाहीत. पण बाहेरचा पाहुणा आला, नाव ऐकलं, की त्याच्याशी हिंदी सुरू करतो. तो वऱ्हाडीत उत्तर देतो, पाहुणा पुन्हा हिंदीत विचारतो. पाहुण्याची हिंदी बहुधा याच्या वऱ्हाडीपेक्षा वाईट असते. मित्र म्हणतो, “जाऊ दे बे, त्याले सराव होऊन राह्यला.”

सर मात्र हे एवढं सहज घेत नसत. सवलतीचा विषय निघाला की ते उठून तासाला निघून जायचे, तास नसला तरी. माफी मागावी असं मला अनेकदा वाटलं. पण अशा गोष्टीची माफी कोणत्या शब्दात मागतात ते मला येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांनी माझ्या टेबलावर मधाची बाटली ठेवली. मी हरखून गेलो. घरी नेली, बायकोनं फिरवून पाहिली. मागं अकोटच्या दुकानाची चिठ्ठी होती, एकशे चाळीस रुपये. दुसऱ्या दिवशी मी ते पैसे दिले. सरांनी मोजून घेतले.