भरली कणगी, रिकामे मन



सुगी सरली आहे. खळी उठली आहेत. ज्वारी घरात आली आहे. येत्या रविवारी आपण नव्या पिकातले सूपभर दाणे घेऊन चर्चमध्ये जाऊ आणि देवाची उपकारस्तुती करू. म्हणून आज धान्याविषयी आणि देवाविषयी दोन शब्द बोलू या.

आधी एक गोष्ट आम्ही साफ सांगतो. गरिबी म्हणजे काही पुण्य नव्हे. पोराबाळांना पोटभर मिळावे, अंगावर धड कपडा असावा, सावकाराचे देणे फिटावे, असे कोणाला वाटत नाही? तसे वाटण्यात पाप नाही. घामाची मजुरी कोणी बुडवली तर ती जरूर मागावी. हक्काचे मागणे हा लोभ नव्हे. प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीचे मागणे आहेच की!

मग चूक होते कोठे? एक गोष्ट ऐका.

एका गावात दोन सख्खे भाऊ होते. बाप होता तोवर एका ताटात जेवत. बाप गेला. वाटणी झाली. मध्ये बांध पडला. एका वर्षी धाकट्याने नांगरट केली. थोरला म्हणाला, "बांध हातभर सरकवलास." धाकटा म्हणाला, "दादा, मी सरकवला नाही." बोलाचाली झाली. मग भांडण झाले. मग कोर्टकचेरी. तारखांवर तारखा पडल्या. दोघांच्याही दावणीचे बैल गेले. हातभर पट्टीत ज्वारी ती किती व्हायची? फार तर दोन-चार पायल्या!

थोरल्याच्या मुलीचे लग्न निघाले. सख्खा चुलता मांडवात आला नाही.

दोघेही दर रविवारी उपासनेला येत. एक पुढे बसे, एक मागे दाराशी. प्रार्थनेच्या वेळी दोघेही डोळे मिटत. मिटल्या डोळ्यांपुढे काय उभे राही? देव नव्हे, बांध!

असाच एक माणूस येशूकडे आला होता. लूकच्या शुभवर्तमानात, १२ व्या अध्यायात ही हकिकत आहे. तो म्हणाला, गुरुजी, माझ्या भावाला वतनाची वाटणी करायला सांगा. येशूने वाटणी करून दिली नाही. त्याने लोभाविषयी सावध केले आणि एक दाखला सांगितला.

एका धनवान माणसाची जमीन खूप पिकली. धान्य ठेवायला जागा पुरेना. त्याने बेत केला की, जुनी कोठारे पाडावी, मोठी बांधावी, सारे त्यांत भरावे आणि मग पुष्कळ वर्षे खावे, प्यावे, मजेत राहावे. पण त्याच रात्री त्याला देवाचे बोलावणे आले. साठवलेले सारे येथेच राहिले.

नीट पाहा. येशू त्याला चोर म्हणत नाही. जास्त पिकवणे हा काही गुन्हा नाही. पण तो माणूस बोलतो कोणाशी? स्वतःच्याच मनाशी! त्याच्या बेतात शेजारी नाही, राबणारा गडी नाही, देव नाही. सारे माझे, माझे आणि माझे. कणगी भरली, पण बोलायला दुसरे कोणी उरले नाही. यालाच आम्ही खरी गरिबी म्हणतो.

तुम्ही म्हणाल, ही परमुलखातली जुनी गोष्ट. आपल्याकडे कोणी असे जगून दाखवले आहे का?

दाखवले आहे. कवी नारायण वामन टिळक कोकणात १८६१ साली जन्मले. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. नातलग दुरावले. पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे दूर राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि त्यांनीही ख्रिस्ताला धरले. टिळकांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिशनमध्ये बरीच वर्षे काम केले. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. ख्रिस्ताला मानणाऱ्या सर्वांनी, बाप्तिस्मा झाला असो वा नसो, एकत्र बसावे म्हणून त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. पुढे दोनच वर्षांनी, १९१९ साली, ते वारले.

टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. घर चालवण्याचा भार लक्ष्मीबाईंवर पडे. 'स्मृतिचित्रे' या पुस्तकात त्यांनी हे मोकळेपणी लिहिले आहे. तेव्हा देवासाठी म्हणून घरच्यांना उपाशी ठेवा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण आज टिळकांचे नाव निघते ते पगारासाठी निघत नाही. त्यांची भजने मराठी मंडळ्यांत अजून गातात. आणि लक्ष्मीबाई? त्या लग्नानंतर घरीच लिहायला-वाचायला शिकल्या. पतीचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले. हे धन कोणत्या कोठारात मावेल?

आता त्या दोन भावांकडे येऊ. एका वर्षी उपकारस्तुतीच्या दिवशी धाकटा सूप घेऊन चर्चच्या दारापाशी आला. त्याला येशूची शिकवण आठवली. भाऊ रुसलेला असेल तर दान तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा. तो माघारी वळला आणि थोरल्याच्या अंगणात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "दादा, बांध कोठे असावा ते पंच ठरवतील. पण आज तू माझ्याबरोबर चल."

थोरला बराच वेळ बोलला नाही. मग आत जाऊन पागोटे घालून आला.

पुढे पंचांनी साखळी लावून मोजणी केली. बांध कोणीच सरकवला नव्हता. पण मोजणीच्या आधीच दोघे एका ताटात जेवले होते. विकलेले बैल मात्र परत आले नाहीत. मुलीच्या लग्नाचा दिवसही परत आला नाही.

देवाजवळ राहणे म्हणजे काही अवघड विद्या नव्हे. सकाळी कामाला हात घालण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलावे. कणगी भरताना शेजाऱ्याच्या रिकाम्या कणगीची आठवण ठेवावी. आणि ज्याच्याशी बोलणे तुटले असेल, त्याच्या दारी आपण आधी जावे.

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आज रात्री लूकचा १२ वा अध्याय काढा. १३ व्या ओवीपासून २१ व्या ओवीपर्यंत वाचा. अडखळलात तरी चालेल. घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मग दिवा मालवण्याआधी स्वतःला एवढेच विचारा. कणगी तर भरली, आता मी बोलणार कोणाशी?

इतके सांगून आम्ही थांबतो. देव तुमचे भले करो.