जुनाट वेदना आणि सूचिचिकित्सा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भांडगांव येथें दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वराच्या उपकारांचें स्मरण करावें, पूर्वजांच्या श्रद्धेचा गौरव करावा, हें उचितच आहे. परंतु ज्या देहानें आपण प्रभूच्या वेदीपुढें गुडघे टेकतों, त्या देहाची विचारपूस करणेंही अशा वेळीं अप्रस्तुत ठरूं नये. मिस्साबलिदानाच्या वेळीं ज्यांना गुडघे टेकतां येत नाहींत, जे भिंतीचा आधार घेऊन उभे राहतात, असे वृद्ध आपल्या प्रत्येक धर्मग्रामांत आहेत. त्यांच्याविषयींच आज चार शब्द बोलावयाचे आहेत. जीं दुखणीं महिनोन्महिने हटत नाहींत, त्यांवर सुया टोचून करावयाच्या चिनी उपचाराचा, म्हणजे अॅक्युपंक्चरचा, कितपत उपयोग होतो, हा आजचा विषय होय. मराठींत आपण त्यास सूचिचिकित्सा म्हणूं.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र जुनाट वेदना म्हणतें. आपल्या या दौंड-शिरूरच्या टापूंत तिची ओळख कोणास नाहीं? दिवसभर ओणवें राहून खुरपणी करणारी माउली, ऊंसाची मोळी डोक्यावर वाहणारा मजूर, गुऱ्हाळाच्या चुलाणापुढें उभा राहणारा गुळव्या, पुणें-सोलापूर रस्त्यावर रात्रंदिवस गाडी हांकणारा चालक, या सर्वांच्या कंबरेंत, मानेंत किंवा गुडघ्यांत ती ठाण मांडून बसलेली असते. वेदना ही वास्तविक देहाच्या दारावरील जागल्या होय. चोर आला कीं त्यानें ओरडावें, हें त्याचें कर्तव्यच. परंतु कधीं कधीं चोर निघून गेला तरी जागल्या ओरडतच राहतो. मूळची इजा भरून येते, तरी मज्जातंतू आणि मेंदू वेदनेचा निरोप देतच राहतात. पुष्कळशा हट्टी दुखण्यांचें मर्म यांत आहे, आणि म्हणूनच केवळ दुखऱ्या जागेवर लेप लावून तीं हटत नाहींत.

अशा वेळीं आपल्यांत दोन प्रकारचीं माणसें आढळतात. पहिलीं म्हणतात, "हा माझा क्रूस आहे, तो मीं मुकाट्यानें वाहिला पाहिजे." दुसरीं दुकानांतून वेदनाशामक गोळी आणतात, उद्यां पुन्हां आणतात, आणि वर्षानुवर्षें तिच्यावरच दिवस काढतात. या दोघांनाही आदरपूर्वक कांहीं सांगावयाचें आहे.

पहिल्यांस असें सांगावयाचें कीं, दुःख प्रभूला अर्पण करणें हें थोर पुण्य आहे. परंतु उपाय हातीं असतां तो टाळणें हें ख्रिस्तसभेनें कोणावर कधींच बंधनकारक केलेलें नाहीं. भूल देणाऱ्या वैद्यांनीं याच प्रकारचे प्रश्न पोप बारावे पायस यांना विचारले होते. २४ फेब्रुवारी १९५७ रोजीं त्यांनीं उत्तर दिलें. त्याचा भावार्थ असा कीं, वेदना शमविण्यासाठीं उपाय योजणें ख्रिस्ती मनुष्यास विहित आहे. स्वेच्छेनें सोसणें हें स्तुत्य असलें तरी तें सर्वांचें कर्तव्य नव्हे. जुन्या करारांतील सिराखाच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायांत तर वैद्याचा मान राखण्यास सांगितलें आहे, कारण वैद्य आणि औषधी दोन्ही परमेश्वराचींच देणगी होत. ज्या चांगल्या शोमरोन्याचा दाखला प्रभूनें दिला, त्यानें वाटेवर पडलेल्या माणसाला सहनशीलतेचा उपदेश केला नाहीं. त्याच्या जखमा बांधल्या.

दुसऱ्यांस असें सांगावयाचें कीं, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या चार दिवस उपकारक असतात. परंतु वैद्याच्या देखरेखीवांचून वर्षानुवर्षें घेतल्यास जठरांत व्रण पडतात, रक्तस्राव होतो, आणि मूत्रपिंडें निकामी होण्यापर्यंत पाळी येऊं शकते. कंबर वांचविण्यासाठीं मूत्रपिंड गमावणें हा कांहीं शहाणपणाचा सौदा नव्हे.

म्हणूनच औषधाशिवाय वेदना कमी करणाऱ्या उपायांकडे वैद्यकाचें लक्ष गेलें आहे, आणि सूचिचिकित्सा हा त्यांपैकीं एक होय. हा उपचार चीन देशाचा, दोन सहस्र वर्षांहून जुना. तथापि तो भारतांत येण्याच्या कथेंत आपल्याच लोहमार्गावरील एका शहराचें नांव गोंवलेलें आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरास झाला. मुंबईस वैद्यकाचें शिक्षण घेऊन १९३८ सालीं ते राष्ट्रसभेनें चीनला पाठविलेल्या पांच डॉक्टरांच्या पथकांत सामील झाले. अटल, चोळकर, कोटणीस, बसु आणि मुखर्जी हे ते पांच जण. त्यांपैकीं चोळकर नागपूरचे. जपानशीं चाललेल्या युद्धांत जखमी झालेल्या चिनी शिपायांवर कोटणीसांनीं अहोरात्र शस्त्रक्रिया केल्या, तेथेंच विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, त्याच भूमींत देह ठेवला.

कोटणीस शस्त्रवैद्य होते. सुयांची विद्या त्यांनीं भारतांत आणली असें नव्हे. तें कार्य त्यांचे सहकारी, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसु यांनीं केलें. ते पुढें पुन्हां चीनला गेले, ही विद्या शिकले, आणि १९५९ च्या सुमारास त्यांनीं कलकत्त्यास तिचा उपयोग आरंभिला. लुधियाना येथें या चिकित्सेचें जें रुग्णालय उभें राहिलें, त्यास कोटणीसांचेंच नांव देण्यांत आलें. जे पांच जण दुसऱ्याच्या जखमा बांधण्यास गेले, त्यांच्यापैकीं एकाच्या हातून आपल्या देशाला हा उपचार लाभला. निरपेक्ष सेवेचें फळ कोठें व केव्हां येईल, हें मनुष्यास आधीं कळत नाहीं.

येथें कोणी श्रद्धाळू विचारील, "परदेशी, परधर्मी लोकांचा हा उपचार आम्हीं घ्यावा काय?" त्याचें उत्तर असें. येशूसंघाच्या ज्या धर्मगुरूंनीं केंदळ-संगमनेरच्या भागांत श्रद्धेचें बीं पेरलें, त्याच संघाचे पोलंडदेशीय फादर मिखाएल बोइम यांनीं सतराव्या शतकांत चिनी नाडीपरीक्षेचा अभ्यास करून ती युरोपास कळविली. चीनहून रोमला जातांना १६५१ सालीं ते आपल्या गोव्यास थांबले होते. पुढें १६८३ सालीं तेन ऱ्हाइने या डच वैद्यानें सुयांच्या उपचारावर ग्रंथ लिहून त्यास अॅक्युपंक्चर हें नांव दिलें. तें लॅटिन शब्दांपासून बनलें आहे : "आकुस" म्हणजे सुई आणि "पुंक्तुरा" म्हणजे टोचणें. चिनी वैद्य असें मानतात कीं, देहांत "ची" नांवाची प्राणशक्ति ठराविक मार्गांनीं वाहते, आणि त्या मार्गांवरील ३६१ बिंदूंपैकीं योग्य ते निवडून टोचल्यास अडलेला प्रवाह मोकळा होतो. ही उपपत्ति मान्य केल्याशिवायही उपचार घेतां येतो, कारण सुईंत कोणाची पूजा नाहीं कीं मंत्र नाहीं. परंतु जेथें सुईबरोबर ताईत, अंगारा किंवा मंत्रोच्चार पुढें येईल, तेथून ख्रिस्ती मनुष्यानें उठून यावें.

उपचाराची रीत साधी आहे. ही सुई इंजेक्शनच्या सुईसारखी पोकळ नसते. ती भरीव आणि केसासारखी बारीक असते, आणि तिच्यांतून कोणतेंही औषध आंत जात नाहीं. रोग्यास निजवून कांहीं बिंदूंवर सुया टोचतात आणि सुमारें वीस ते तीस मिनिटें तशाच ठेवतात. टोचतांना मुंगी चावल्यागत वाटतें. मग त्या जागीं जडपणा किंवा झिणझिणी येते. एका बैठकीनें काम होत नाहीं. आठवड्यांतून एक-दोन वेळां, अशा आठ-दहा बैठका कराव्या लागतात. शरीरशास्त्रज्ञांचें म्हणणें असें कीं, टोचण्यामुळें मज्जातंतू चेतविले जातात आणि अफूशीं गुणानें साम्य असलेलीं वेदनाहारक द्रव्यें मेंदू स्वतःच निर्माण करतो. जागल्याला शांत करण्याचा हा एक मार्ग म्हणावयाचा.

आतां मुख्य प्रश्न : गुण खरोखर येतो काय? येथें भक्तांची स्तुति आणि विरोधकांची निंदा दोन्ही बाजूला ठेवून मोजमाप पाहावें. जर्मनींत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रोग्यांवर एक मोठी परीक्षा करण्यांत आली. तिचा निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध झाला. रोग्यांचे तीन गट केले. एकास चिनी बिंदूंवर सुया दिल्या. दुसऱ्यास मुद्दाम भलत्याच जागीं, उथळ सुया दिल्या. तिसऱ्यास नेहमींचीं औषधें व व्यायाम दिले. सहा महिन्यांनंतर पहिल्या गटांत शेंकडा ४७.६, दुसऱ्यांत ४४.२ आणि तिसऱ्यांत केवळ २७.४ रोग्यांस गुण आला. यावरून दोन गोष्टी निघतात. सुयांनीं नेहमींच्या उपचारांहून अधिक आराम पडला, ही पहिली. आणि बिंदू नेमका कोणता यास समजतात तेवढें महत्त्व नाहीं, ही दुसरी. आरामाचा बराच वाटा टोचण्याच्या क्रियेंत, विसांव्यांत, उपचारकाच्या लक्षांत आणि रोग्याच्या आशेंत असावा. शिवाय पहिल्या गटांतही निम्म्याहून अधिक लोकांस पुरेसा गुण आला नाहीं, हेंही विसरूं नये. पुढें २०१८ सालीं अशा ३९ परीक्षांतील सुमारें वीस हजार रोग्यांची आंकडेवारी एकत्र तपासली गेली. कंबर, मान, गुडघे आणि जुनाट डोकेदुखी यांवर माफक लाभ होतो, आणि वर्षभरानेंही त्याचा बहुतेक भाग टिकतो, असें तींत दिसून आलें. इंग्लंडच्या आरोग्यसंस्थेनें २०१६ सालीं कंबरदुखीसाठीं ही चिकित्सा सुचविणें बंद केलें. परंतु २०२१ सालीं, ज्या जुनाट वेदनेचें दुसरें कारण सांपडत नाहीं तिच्यासाठीं, तिचा विचार करावा असें सांगितलें. विद्वानांतही वाद आहे, तो असा.

तेव्हां हा चमत्कार नव्हे, आणि थोतांडही नव्हे. हें एक मर्यादित साहाय्य आहे. म्हणून कांहीं पथ्यें पाळणें अगत्याचें आहे.

पहिलें पथ्य : आधीं निदान, मग सुई. पाठ दुखते, सायंकाळीं बारीक ताप येतो, वजन घटतें, अशा वेळीं मणक्याचा क्षय असूं शकतो. त्यास क्षयाचींच औषधें हवींत. दुखण्याबरोबर पायांतील शक्ति गेली, लघवी किंवा शौचावरील ताबा गेला, छातींतील कळ डाव्या हातांत उतरली, किंवा एकाएकीं असह्य डोकेदुखी उठली, तर सुईवाल्याकडे न जातां तत्काळ इस्पितळ गांठावें. तेथें घटकेचा विलंबही प्राणावर बेततो.

दुसरें पथ्य : प्रत्येक वेळीं नवी, निर्जंतुक, एकदांच वापरून टाकून द्यावयाची सुई. तीच सुई दुसऱ्यास टोचल्यास काविळीसारखे रोग पसरतात. सुईचें पाकीट आपल्यासमोर फोडण्यास सांगावें. त्यांत संकोच कसला?

तिसरें पथ्य : आपली सर्व हकीकत सांगावी. रक्त पातळ ठेवण्याचीं औषधें चालूं असल्यास, गर्भार असल्यास, मधुमेहानें पाय बधिर झाले असल्यास, किंवा हृदयाशीं यंत्र बसविलेलें असल्यास तें आधीं कळवावें. छातीवर अडाण्यानें खोल टोचल्यास फुप्फुसाला छिद्र पडूं शकतें. म्हणून उपचारक शिकलेलाच हवा. केंद्र सरकारनें २०१९ सालीं या चिकित्सेस मान्यता दिली आहे, आणि महाराष्ट्रानें २०१५ च्या अधिनियमानें तिच्यासाठीं स्वतंत्र परिषदेची तरतूद केली आहे. तेव्हां "आपली नोंदणी आहे काय?" असें विचारणें हा रोग्याचा हक्कच होय.

चौथें पथ्य : चालूं औषधें स्वतःच्या मनानें सोडूं नयेत, आणि व्यायाम टाळूं नये. सुईनें कंबर मोकळी झाली तर त्या मोकळिकीचा उपयोग चालण्याकडे आणि स्नायू बळकट करण्याकडे करावा. सात-आठ बैठका होऊनही कांहींच फरक पडला नाहीं, तर थांबावें. गरीबाचा पैसा आशेच्या पायीं व्यर्थ जाऊं देणें हेंही पाप आहे.

बंधुभगिनींनो, घराघरांत कण्हणारी वृद्ध माता, "आतां वय झालें" या एका वाक्यानें गप्प बसविलेला बाप, यांना आपण या महोत्सवाच्या निमित्तानें पुन्हां विचारूं या : "आई, कोठें दुखतें? बाबा, डॉक्टरांकडे जाऊं या का?" उपाय सुईचा असो, व्यायामाचा असो कीं औषधाचा, तो शोधण्यासाठीं कोणीतरी आपला हात धरून बरोबर चालतें आहे, हें कळतांच अर्धा भार हलका होतो. जी वेदना सर्व उपायांनंतरही उरेल, ती प्रभूच्या क्रूसाशीं जोडावी आणि त्याच्या कृपेनें सोसावी. परंतु जी दूर करतां येण्याजोगी आहे, ती दूर करण्यांत आपण हात आंखडतां घेऊं नये. ज्यानें आंधळ्यांना दृष्टि दिली आणि पंगूंना चालविलें, तो दयाळू प्रभू आपल्या रुग्णांस आरोग्य, त्यांची सेवा करणाऱ्यांस धीर, आणि आपल्या धर्मग्रामास प्रेमाची समृद्धि देवो, अशी पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून मी आपली रजा घेतों.