काचेच्या कपाटातलं इरलं
(सुट्टीवरून परतलेल्या दोघी विद्यार्थिनींनी ग्रामसभेत केलेलं भाषण)

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोघी पुण्याला, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या संग्रहालयात काम शिकायला होतो. गाडीभाड्याला पाड्याने वर्गणी काढली, म्हणून आधी तुमचे उपकार.

पहिल्याच दिवशी काचेच्या कपाटात इरलं बघितलं. हसूच आलं. आमच्या घरी ते ओट्यावर पडलेलं असतं! शेजारी कणगी, तारपा. काम नोंदी करायचं. आम्ही लिहिलं, 'इरलं. बांबू व पाने.' तिथल्या बाई म्हणाल्या, "बांबू कुठल्या रानातला? कधी तोडतात?" आम्हाला सांगता येईना. आजीला फोन लावला. तिने रान, नाला, कुठल्या महिन्यात बांबूला हात लावायचा नाही, सगळं धडाधडा सांगितलं. कार्डावर मावेना.

त्या बाईंचे आभार मानतो. आजीला असं विचारायचं असतं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

आता आपलं काम. आपले दावे 'पुरावा नाही' म्हणून परत आलेत. वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २००८ च्या नियमांत, नियम १३ बघा. वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. नामांकित संस्थांनी केलेल्या रूढी-परंपरांच्या नोंदीही चालतात. मात्र एकाच पुराव्यावर भागत नाही.

सोमवारपासून आम्ही वही घेऊन घरोघर येतो. कुठला बांध, कुठला नाला, कुणी पहिल्यांदा कसलं, आठवून ठेवा. आणि ज्याचा दावा त्याचाच जबाब चालत नाही, तेव्हा शेजारपाड्यातल्या म्हाताऱ्यांनाही निरोप द्या.