प्लाझ्मा की एलईडी? वडशातल्या एका खोलीचा हिशोब

आज टीव्हीबद्दल बोलूया. तुम्ही हे मोबाइलवर ऐकताय आणि तुमचं निम्मंअधिक बघणंही मोबाइलवरच होतं, हे मला माहीत आहे. पण घरातल्या पाच माणसांना एकत्र बसून काही पाहायचं असेल, तर सहा इंचांच्या पडद्याभोवती डोक्याला डोकं लागतं. म्हणून टीव्ही.

विषय सुचला तो वडशाच्या एका श्रोत्यामुळे. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज. त्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याला विचारूनच सांगतोय, नाव तेवढं घेत नाही. तो म्हणाला, “भाऊ, नागपूरवरून पन्नास इंची प्लाझ्मा भेटून राह्यला, बारा हजारात. तो माणूस म्हणते का एलईडीपेक्षा याचं पिक्चर भारी हाय. माझ्याजवळ धानाचे पंचेचाळीस हजार हायेत. बाबासाठी घरीच थेटर करतो म्हणलं. घेऊ का?”

आता यातलं ‘बाबासाठी’ महत्त्वाचं आहे. याचे बाबा उमेदीच्या काळात झाडीपट्टीच्या नाटकांत काम करायचे. पुण्या-मुंबईच्या श्रोत्यांसाठी सांगतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा आणि जंगलाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. धान निघालं की इथे गावोगाव मंडप पडतात, तिकीट काढून लोक येतात आणि रात्रभर नाटक चालतं. अनेक नाटक मंडळ्यांची कार्यालयं वडशातच आहेत. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या श्रोत्याच्या बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. थंडीत मंडपात रात्रभर बसणं जमत नाही. यूट्यूबवर नाटकांचे व्हिडिओ आहेत, पण मोबाइलवर त्यांना चेहरे दिसत नाहीत. पैसे वर्षातून एकदाच हातात येतात. टीव्ही चुकीचा निघाला तर दुसरा घ्यायला पुढचं धान निघेपर्यंत थांबायचं. म्हणून नीट हिशोब करू.

आधी हे दोन टीव्ही चालतात कसे ते बघू.

प्लाझ्माच्या पडद्यात दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे असतात. त्यांत निऑन आणि झेनॉन वायू भरलेला असतो. वीज दिली की वायूतून अतिनील किरण निघतात, ते आतल्या रंगीत लेपावर पडतात आणि लेप उजळतो. आपली ट्यूबलाइट याच तत्त्वावर चालते. म्हणजे प्लाझ्माचा प्रत्येक ठिपका ही एक इवलीशी ट्यूबलाइट. जिथे काळं दाखवायचं, तिथे ती जवळजवळ बंदच.

एलईडी टीव्हीचं नाव थोडं फसवं आहे. तो खरा एलसीडी टीव्ही. मागे किंवा कडेला एलईडी दिवे आणि समोर द्रवस्फटिकाच्या बारीक झडपा. झडप उघडली की उजेड येतो, मिटली की अडतो. पण झडप कितीही घट्ट मिटली तरी थोडा उजेड झिरपतो. म्हणून अंधाऱ्या खोलीत स्वस्त एलईडीवरचं काळं हे काळं न दिसता राखाडी दिसतं.

मग तो नागपूरचा माणूस खोटं बोलतोय का? नाही. अंधाऱ्या खोलीत चांगला प्लाझ्मा आणि स्वस्त एलईडी शेजारी ठेवले, तर प्लाझ्माचं चित्र जास्त खोल दिसेल. क्रिकेटमध्ये चेंडू पळताना कमी पुसट होईल. बाजूला बसलेल्यालाही रंग तसेच दिसतील. होम थिएटरवाले एकेकाळी प्लाझ्मावर जीव टाकायचे ते उगाच नाही.

तरीही प्लाझ्मा संपला. १९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात त्याचा जन्म झाला. पॅनासॉनिकने २०१३ च्या शेवटी पडदे बनवणं थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये बाहेर पडले. गंमत बघा, त्याच २०१४ साली निळ्या एलईडीच्या शोधासाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीशिवाय पांढरा एलईडी दिवा नाही, आणि त्या दिव्याशिवाय आजचा टीव्ही नाही.

याचा साधा अर्थ असा, की आज बाजारात दिसणारा कुठलाही प्लाझ्मा दहा वर्षांहून जुना आहे. पडदा गेला तर नवा बनतच नाही. आतला पॉवर बोर्ड गेला तर दुसऱ्या मेलेल्या टीव्हीतून काढून बसवावा लागतो. असं काम करणारा कारागीर नागपुरात शोधून सापडेल. वडशात, आरमोरीत, अहेरीत? तिथून जड काचेचा टीव्ही गाडीत घालून नागपूरला न्यायचा, तोही उभाच. आडवा ठेवला आणि रस्त्यात दणका बसला तर काच गेलीच समजा.

दुसरी गोष्ट वीज. पन्नास इंची प्लाझ्मा सरासरी २५० वॉट खातो असं धरू. तेवढाच एलईडी १०० वॉटच्या आसपास. रोज चार तास लावला तर प्लाझ्मा महिन्याला ३० युनिट, एलईडी १२. फरक १८ युनिटचा. तुमच्या बिलावरचा दर काढा आणि गुणा. आमच्या चंद्रपूरचं वीज केंद्र २९२० मेगावॉटचं आहे, म्हणून आमच्या घरी वीज फुकट येत नाही!

बिलापेक्षा मोठा प्रश्न लाइन जाण्याचा. घरी इन्व्हर्टरला १५० एएचची बॅटरी असेल, तर कागदावर १८०० वॉट-तास होतात. प्रत्यक्षात हजार-अकराशे धरा. प्लाझ्मा आणि दोन पंखे मिळून ४०० वॉट, म्हणजे पावणेतीन तास. एलईडी आणि दोन पंखे मिळून २५० वॉट, म्हणजे चार तासांच्या वर. झाडीपट्टीचं नाटक पावणेतीन तासांत संपत नाही. तिसऱ्या अंकात ऐन रंगात आलं की पडदा काळा. बाबा काय म्हणतील, तुम्हीच सांगा.

तिसरी गोष्ट ऊन. टीव्हीसोबतचं पुस्तक उघडून बघा. बहुतेक ठिकाणी ४० अंशांपर्यंतच्या तापमानात वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं. टिनाच्या खोलीचं तर विचारूच नका. त्यात प्लाझ्मा स्वतः शेगडीसारखा तापतो. एलईडीलाही ऊन सोसत नाही, पण तो निदान आपली भर कमी घालतो. कोणताही टीव्ही असो, मागे वितभर मोकळी जागा सोडा, आणि कूलरची ओली हवा थेट टीव्हीवर सोडू नका.

चौथी, काच. प्लाझ्माचा पडदा आरशासारखा चमकतो. समोर दार उघडं असेल तर नाटकाऐवजी अंगणातली सायकल दिसते. शिवाय एकच चॅनल वर्षानुवर्षं लावलं असेल तर त्याचा लोगो पडद्यावर कायमचा उमटलेला असतो. कुणाला हौसेपोटी प्लाझ्मा घ्यायचाच असेल तर घ्या, पण आधी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, मोबाइलवरून पूर्ण पांढरं आणि पूर्ण राखाडी चित्र लावून डाग बघा, आणि मागे कान लावून गुणगुण किती येते ते ऐका. आणि तो घरातला एकमेव टीव्ही नसावा.

म्हणून आमच्या श्रोत्याला माझं उत्तर: प्लाझ्मा घेऊ नको. नवा एलईडी घे. पण कोणताही उचलून आणू नको.

आकार आधी ठरवू. व्हिडिओ कॉलवर मी खोली पाहिली. खाटेपासून भिंत आठ फूट. सिनेमासारखा अनुभव हवा असेल तर अंतर इंचांत घ्या आणि १.६ ने भागा. आठ फूट म्हणजे ९६ इंच, भागिले १.६, म्हणजे ६०. तेव्हा ५० ते ५५ इंच बरोबर. ४३ घेऊन नंतर हळहळायचं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, हेही लक्षात ठेवून भाव करा.

मग पॅनल. दुकानदाराला ‘फोर के’बद्दल विचारूच नका, या आकारात आता बहुतेक सगळे फोर केच असतात. विचारायचं ते ‘व्हीए’ पॅनल आहे का ‘आयपीएस’. आयपीएसमध्ये पांढऱ्या-काळ्यातला फरक साधारण हजारास एक, व्हीएमध्ये तीन हजार किंवा त्याहून जास्त. नाटकाच्या व्हिडिओत मागे काळा पडदा आणि पुढे उजळलेला चेहरा असतो. तिथे व्हीए जिंकतो. खोलीत माणसं अगदी कडेला बसत असतील तरच आयपीएसचा विचार करा. दुकानदाराला माहीत नसेल तर पेन ड्राइव्हमध्ये काळं चित्र न्या, लावा आणि बाजूला सरकून बघा. पांढुरकी झाक उठली तर बहुधा आयपीएस.

दुकानातला टीव्ही नेहमी भडक मोडवर असतो. तो बदलून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावायला सांगा. एखादा रात्रीचा प्रसंग लावा. केसांच्या बटा, काळ्या कोटाची घडी दिसते का ते बघा.

नेटचंही बोलू. नेटफ्लिक्सच्याच हिशोबाने फोर केला तासाला ७ जीबीपर्यंत डेटा लागतो, फुल एचडीला ३ जीबीपर्यंत. तुमचं हॉटस्पॉट रोजच्या दोन जीबीवर चालतं. नाटकांचे कितीतरी व्हिडिओ तर एचडीसुद्धा नसतात. तेव्हा नाटक वायफाय सापडेल तिथे ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि टीव्हीच्या पडद्यावर दाखवा.

आता आवाज. बाबांशी बोललो तेव्हा मी विचारलं, काका, चित्र कसं हवं? ते म्हणाले, “चेहरा दिसला पायजे आन् शब्द आयकू आला पायजे. शब्द नाही तं नाटक कायचं?” मला वाटतं, होम थिएटरवरचं याहून चांगलं वाक्य मी ऐकलेलं नाही. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, त्यामुळे संवाद भिंतीवर आपटून येतो. मोठा धमधम बेस देणाऱ्या डब्याऐवजी मधला, म्हणजे सेंटर स्पीकर असलेला साधा साउंडबार घ्या. संवाद तिथून येतात. टीव्हीच्या एचडीएमआय एआरसी लिहिलेल्या जागी जोडा, रिमोट एकच राहील. स्लॅबची खोली घुमत असेल तर मागच्या भिंतीवर जाड सतरंजी किंवा गोधडी टांगा. हा महागड्या पॅनलचा गरिबाघरचा भाऊ, पण काम करतो.

शेवटचं आणि सगळ्यांत गंभीर. गावात न्यूट्रल तुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. टीव्ही फार तर २४० साठी बनलेला असतो. म्हणून जास्त व्होल्टेज आलं की लाइन तोडणारं यंत्र लावा. अर्थिंग तपासून घ्या, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाका, सुकलेली माती वीज नीट घेत नाही. आणि वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, छत्रीची केबलही काढा. तीही छतावरूनच घरात येते, हे लोक विसरतात. मात्र हे आभाळ भरून आलं तेव्हाच करायचं. कडकडाट डोक्यावर आल्यावर वायरला हात लावायचा नाही.

तर पंचेचाळीस हजारांची वाटणी मी अशी केली: टीव्हीला बत्तीस, आवाजाला आठ, अर्थिंग आणि संरक्षणाला तीन, उरलेले दोन हजार भिंतीचं काम आणि ऐन वेळच्या खर्चाला. भाव रोज बदलतात, पण प्रमाण साधारण असंच ठेवा. सगळे पैसे पडद्यात घालू नका.

आमचा श्रोता म्हणतो, अजून दोन दुकानं फिरतो आणि पेन ड्राइव्ह घेऊनच जातो. बरोबर करतोय.

तुमच्या खोलीचं माप आणि बजेट व्हॉइस मेसेजवर पाठवा, पुढच्या भागात दोन-तीन घरांचा हिशोब करू. घरात कुणी टीव्ही घ्यायला निघालं असेल तर हा भाग त्यांना आधी ऐकवा. चला, भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.