जनाबाईच्या वाटेवरून

औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारला बाजारहाट करताना संत जनाबाई आठवते. तिच्या एका प्रसिद्ध अभंगातली बाई पदराची, लोकलाजेची तमा न बाळगता थेट बाजारातून निघते. जनाबाईचं गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात, तर संत नामदेवांचं नर्सी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. दळणकांडण करता करता तिनं विठ्ठलाशी जोडलेलं नातं कधी लेकराचं, कधी सखीचं, कधी हक्कानं भांडणारीचं. प्रेम आणि स्वातंत्र्य तिथं वेगळं काढताच येत नाही.

प्रेम आणि स्वातंत्र्याची हीच ओढ पुढं पुस्तकांतही उतरली. 1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं. शिकलेल्या, कमावत्या मुलींच्या मनातली घुसमट त्यात उघडपणे मांडली होती, म्हणून वादळ उठलं. लेखिकेचं नाव विभावरी शिरूरकर. पण ते टोपणनाव होतं, त्यामागं होत्या मालतीबाई बेडेकर. स्वतःच्या नावानं बोलायचीही तेव्हा चोरी होती. कवयित्री इंदिरा संतांनी विरह हळुवार शब्दांत जपला. गौरी देशपांडेंच्या नायिकांनी लग्नाच्या चौकटीलाच प्रश्न विचारले. नांदेडला जन्मलेल्या कविता महाजनांच्या ‘ब्र’ या कादंबरीतली प्रफुल्ला घर मोडल्यावर आदिवासी भागात काम करता करता स्वतःला नव्यानं भेटते.

मग वाचायला सुरुवात कुठून करायची? जनाबाईचे अभंग तर ओठांवर आहेतच. त्यांच्या जोडीला गावच्या वाचनालयातून यातलं एक पुस्तक आणा. जात्यावर एकीनं सूर धरला की दुसरी साथ द्यायची. तसंच चारचौघींत मोठ्यानं वाचा.